शेजारचं पान

गिरगावातल्या आमच्या चर्चमध्ये डाव्या हाताच्या खिडकीपाशी बसणाऱ्या काकूंनी मला सांभाळलं, हे आधी सांगून टाकते. काय झालं, कसं झालं, ते मागाहून. माझ्या बोलण्यात नेहमी असं होतं की गोष्ट भलतीकडेच संपते आणि ज्या माणसासाठी ती सांगायला घेतली ते माणूस दारातच उभं राहतं; म्हणून उपकाराचं माणूस पहिल्याच ओळीत आत घेऊन बसवलेलं बरं. नाव मात्र लिहीत नाही. त्यांना आवडायचं नाही. "माझं नाव दोनच ठिकाणी असू दे," असं त्या म्हणायच्या, "रेशन कार्डावर आणि वर देवाकडे. रेशन कार्डावर तर चुकीचं लागलंय, वरचं मेल्यावर बघू."

आज त्यांची आठवण वर आली ती एका कबुतरामुळे. दादरच्या ज्या पाळणाघरात मी काम करते, तिथं सकाळी एक ठरलेला वास असतो. मऊ भाताचा, त्यावर सोडलेल्या तुपाचा, बेबी पावडरीचा, आणि दोरीवर घातलेल्या पण पुरत्या न वाळलेल्या दुपट्यांचा. बाहेरच्या माणसाला तो वास गोड वाटतो. मला त्या वासात सकाळची भीती ऐकू येते. वास ऐकू कसा येईल असं कुणी म्हणेल, पण पाळणाघरात ज्यानं वर्षं काढली त्याला विचारावं. नुकती चालायला लागलेली एक पोर आमच्याकडे नवीन आली आहे. तिच्या बापानं आज तिला खिडकीपाशी नेलं, ग्रिलवरचं कबुतर दाखवलं, "बघ बघ, कबू बघ," म्हणाला, आणि ती बघायला लागली तसा पाय न वाजवता दाराकडे सरकला. मी मधे उभी राहिले. तो हसून हळू आवाजात म्हणाला, "ताई, ती बिझी आहे तोवर मी कल्टी मारतो." मी म्हटलं, "नाही हो दादा. सांगून जा." "अहो, रडेल ती." "रडू दे." "मॅडम तर म्हणाल्या की असंच करा म्हणून." मॅडम, म्हणजे आमचं पाळणाघर चालवणाऱ्या बाई, खरंच तसं म्हणतात, एक पोर रडलं की सगळी रडतात, मग शेजारच्या सोसायटीचे फोन येतात. त्यांचंही बरोबर असेल. पण मी दार सोडलं नाही. बापानं घड्याळ बघितलं, माझ्याकडे बघितलं, मग खाली बसला आणि पोरीला म्हणाला, "बाबा ऑफिसला जातोय, संध्याकाळी येतो." पोरगी जी किंचाळली ती किंचाळली. माझा मात्र जीव भांड्यात पडला. जी किंचाळतात त्यांची मला काळजी नसते. जी कबुतराकडून तोंड वळवून रिकामं दार बघतात आणि गप्प खेळायला लागतात, त्यांच्यापाशी मी दिवसभर बसून असते.

मला कबुतर नाही, टर्की दाखवली होती. नगरकडच्या एका मिशनच्या बोर्डिंगात तेव्हा टर्की पाळलेल्या होत्या. कुणा गोऱ्या साहेबाच्या काळापासून त्यांचं बेणं तिथं टिकून होतं. ते साहेब गेले, त्यांच्या बंगल्यात पोस्ट आलं, पण टर्की राहिल्या. गळ्याखाली लाल लोंबतं मांस, फुगवलेली पिसं, आणि ते घशातून गुरगुरणं. असलं पाखरू मी कधी पाहिलं नव्हतं. बोर्डिंगच्या बाईंनी माझा हात धरला आणि म्हणाल्या, "चल, तुला गंमत दाखवते." मी गेले. जाळीला नाक लावून बघत राहिले. वळले तेव्हा चिंचेखाली आईची पत्र्याची पेटी होती, आई नव्हती. ती पेटी माझी होती, हे मला नंतर कळलं. तिच्यात माझे दोन झगे होते. पुढं मी त्या बोर्डिंगात वाढत गेले तसं माझ्या लक्षात आलं की ही तिथली रीतच होती. नवीन पोर आलं की त्याला टर्कीकडे न्यायचं. आईबापांना आधीच सांगून ठेवलेलं असायचं, पोर जाळीपाशी गेलं की निघा, मागं बघू नका. त्यात कुणाचा दुष्टपणा होता असं आज मी म्हणत नाही. रडणं वाचवण्याची ती युक्ती होती. पण आमच्यात अशी एकही मुलगी नव्हती जिला टर्कीचा राग नव्हता. नाताळात एखादी कापली जायची, तेव्हा आम्ही सगळ्याजणी फार आवडीनं जेवायचो.

मी रडले नाही. हे माझं पहिलं नाव झालं तिथं, न रडलेली. "कशी शहाणी पोर आहे बघा," असं चर्चच्या पाळकसाहेबांना, पाहुण्यांना, देणग्या घेऊन येणाऱ्यांना दाखवून सांगायचे. शहाणी म्हणवून घेण्याची एक चटक लागते. भुकेल्या माणसाला तंबाखूची लागते तशी. भूक मरते, पोट भरत नाही. माझा बाप मी रांगत असतानाच गेला होता, आईनं दुसरं घर केलं होतं, आणि त्या घराला पहिल्या घरची पोर नको होती. एवढी सरळ गोष्ट होती, पण ती मला कुणी सांगितली नाही. मीच ती तुकड्या-तुकड्यानं जमवली, इकडं तिकडं कान देऊन. आई पुढं भेटीला आली तेव्हा तिच्या कडेवर एक बाळ होतं. गुबगुबीत, काजळ घातलेलं, सारखं हसणारं. त्या बाळाला राहायला घर होतं. त्याचा राग यावा अशी माझी फार इच्छा होती, पण ते माझ्याकडे झेपावलं, माझी वेणी ओढायला लागलं, आणि मला ते आवडलं. ती भेट संपली तेव्हाही बाईंनी मला स्वयंपाकघरात काहीतरी आणायला पाठवलं होतं. मला कळलं होतं की आता आई जाणार. तरी मी गेले. शहाणी होते ना.

बोर्डिंगात आणखी एक रीत होती आणि ती चांगली होती. महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असायचं, म्हणजे प्रभूच्या आठवणीत सगळ्यांनी भाकरीचा तुकडा आणि द्राक्षरस घ्यायचा. त्याच्या आदल्या संध्याकाळी मोठ्या मुली एकमेकींकडे जाऊन माफी मागायच्या. आम्ही त्याला माफीचा शनिवार म्हणायचो. कुणी कुणाची रिबीन घेतलेली, कुणी कुणाला बापावरून बोललेलं, सगळं त्या संध्याकाळी व्हरांड्यात मिटवायचं, कारण मनात कुणाविषयी अढी ठेवून त्या भाकरीला हात लावायचा नाही, असं बाईंनी आम्हाला पक्कं सांगितलं होतं. व्हरांड्यात रडारड व्हायची, हसणं व्हायचं, मिठ्या व्हायच्या. मी सगळ्यांची माफी मागून, सगळ्यांना देऊन मोकळी व्हायचे आणि तरी मोकळी नसायचे. जिच्याशी मिटवायचं ती व्हरांड्यात नव्हती. ज्याच्याशी समेट करायचा ते माणूस हजरच नसेल तर काय करायचं, हे आम्हाला कुणी शिकवलं नव्हतं. म्हणून मोठी झाल्यावर माझ्यापुढे पहिल्यांदा त्या भाकरीचं ताट आलं तेव्हा मी ते तसंच पुढं सरकवलं. कुणाच्या लक्षात आलं नाही. पुढं आठवीनंतर माझी शाळा सुटली, काही दिवस बोर्डिंगच्याच स्वयंपाकघरात राबले, मग एका कुटुंबाबरोबर त्यांचं मूल सांभाळायला मुंबईला आले, ते मूल मोठं झालं, त्याला माझी गरज उरली नाही, आणि मी पाळणाघरात लागले. करी रोडला आम्ही चौघी-पाचजणी एका खोलीत राहतो. रविवारी बस धरून गिरगावात चर्चला येते. ताट पुढं सरकवायची सवय माझ्याबरोबर मुंबईला आली.

आमच्या चर्चमध्ये प्रभुभोजनाला पुढं जाऊन गुडघे टेकायची पद्धत नाही. मंडळीतले वडीलधारे पांढरे कपडे करून ताटं घेऊन येतात, एका ताटात पावाचे चिमुकले चौकोन, दुसऱ्यात द्राक्षरसाच्या बोटभर पेल्या, आणि ताट बाकावरून हातोहात सरकतं. प्रत्येकजण आपला तुकडा घेतो आणि शेजाऱ्याकडे देतो. माझ्या शेजारी काकू बसायच्या. खोताच्या वाडीच्या मागच्या चाळीत त्यांचा जन्म गेला होता. सासरे, नवरा, सगळे याच मंडळीतले, नवरा तर ताटं फिरवणाऱ्यांतला. त्यांचा आवाज मोठा, गुडघे वाईट, आणि जीभ तिखट. काही महिने त्यांनी माझं सरकवणं नुसतं पाहिलं. मग एका रविवारी उपासना सुटल्यावर पायरीवर मला गाठून म्हणाल्या, "का गं, डायबेटीस आहे का तुला?"

"नाही काकू."

"मग? एवढासा तुकडा तो. त्यानं काही साखर वाढत नाही. मी डॉक्टरला विचारलंय."

मी खरं सांगितलं. का सांगितलं ते ठाऊक नाही. कदाचित त्यांनी चेष्टेत विचारलं म्हणून. गंभीर चेहऱ्यानं विचारणाऱ्यांना मी नेहमी खोटंच सांगत आले आहे. म्हटलं, "मनात अढी आहे." "कुणाची?" "आईची." मी पुढच्या उपदेशाची वाट पाहत उभी राहिले. माफ कर, आई ती आई असते, देवानं आपल्याला किती माफ केलं, हे मला पाठ होतं. सांगणाऱ्याच्या आधी मीच म्हणून दाखवलं असतं. काकू "बस चुकेल तुझी," एवढंच म्हणाल्या.

पुढच्या महिन्यात ताट आमच्या बाकावर आलं. काकूंनी ते हातात घेतलं, क्षणभर त्याच्याकडे पाहिलं, आणि एकही तुकडा न उचलता माझ्या हातात दिलं. मला वाटलं विसरल्या. मी खूण केली. त्यांनी समोर बघत मान हलवली. मग पेल्यांचं ताट आलं, तेही तसंच गेलं. ताट घेऊन उभे असलेले वडीलधारे त्यांच्या नवऱ्याचे जुने सोबती होते. त्यांचा हात हवेतच राहिला. बाहेर आल्यावर मी अक्षरशः हात जोडले. म्हटलं, "काकू, माझ्यामुळे नका हो असं करू, तुम्ही घ्या." तर त्या माझ्यावरच उखडल्या. "शेजारचं पान रिकामं असताना घास उचलायचा नाही, हे मला परकरी वयात शिकवलंय. तू उपाशी बसणार आणि मी शेजारी बसून मटामटा खाणार? आपल्यात असं जेवतात का?"

"काकू, हे जेवण नाहीये."

"नाव काय आहे त्याचं? भोजन ना? मग."

हे शास्त्राला धरून आहे की नाही, मला सांगता येणार नाही. पाळकसाहेब म्हणाले की नाही. ते काकूंच्या घरी जाऊन आले, समजावून आले. ही काही लग्नाची पंगत नव्हे, इथं प्रत्येकानं आपापलं मन तपासायचं असतं, असं त्यांनी सांगितलं, आणि काकूंनी त्यांना चहा आणि नानकटाई दिली. मंडळीत कुजबुज सुरू झाली. कुणी म्हणालं, सुनेशी वाजलंय. कुणी म्हणालं, चाळीच्या जागेवरून मुलाशी कोर्टात जाणार आहेत. इतकी वर्षं सरळ रेषेत जगलेल्या बाईविषयी लोक मजेत वाईट बोलत होते आणि काकू ते बोलू देत होत्या. खरं कारण सांगायचं तर माझं नाव घ्यावं लागलं असतं, म्हणून.

यावर मला कृतज्ञ वाटलं असेल, असं वाचणाऱ्याला वाटेल. आज वाटतं. तेव्हा फक्त भीती वाटली आणि चीड आली. ज्याला लहानपणी सोडून गेलेले असतात, त्याला कुणी धरून ठेवलं की ते धरणं आधी गळ्यापाशी जाणवतं. मला वाटलं ही सक्ती आहे. ही बाई स्वतः उपाशी राहून माझ्याकडून माफी उकळते आहे. दुसरं वाटलं ते याहून वाईट, की आज ना उद्या ही कंटाळेल, एखाद्या रविवारी ताट येईल तेव्हा हळूच आपला तुकडा उचलेल, आणि मी त्या वेळी खिडकीबाहेर काहीतरी बघत असेन. ते बघायला नको म्हणून मीच जायचं बंद केलं. आपणच आधी उठावं म्हणजे कुणी आपली नजर चुकवायला नको, ही माझी आयुष्यभराची अक्कल. एके दुपारी पाळणाघराच्या दाराशी मोठा आवाज आला. काकू गिरगावहून दादरला, ते गुडघे घेऊन, जिना चढून आल्या होत्या. हातात बटाट्याच्या काचऱ्यांचा डबा. "रविवारी नव्हतीस. त्याच्या आधीही नव्हतीस," म्हणाल्या. "बाकावर तुझी जागा मोकळी आहे. एक जाडी बाई बसत होती, तिला उठवलं." मॅडम बघत होत्या, पोरं बघत होती. काकू पाच मिनिटं टेकल्या, पाणी प्यायल्या, मग उठून माझ्यासमोर उभं राहून म्हणाल्या, "आता मी जाते. रविवारी दिसेन. मेले तर कुणीतरी कळवेलच." हे त्यांचं कायमचं. चर्चच्या पायरीवरून, बसस्टॉपवरून, त्या कधीही नुसत्या निघून गेल्या नाहीत. आधी सांगायच्या, मग जायच्या. मी त्यांना टर्कीची गोष्ट तोवर सांगितलेली नव्हती.

उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, आमच्याकडे दुपारभर उपासना चालते. क्रुसावरून प्रभू जे जे बोलला, त्यातल्या एकेका उद्गारावर एकेकजण बोलतो. त्या वर्षी मी पुन्हा बाकावर यायला लागले होते, काकूंना टर्कीची गोष्टही सांगून झाली होती. ऊन फार होतं, पंखे गरम वारा फेकत होते आणि निम्मी मंडळी पेंगत होती. मी लहानपणापासून ते उद्गार ऐकत आले आहे, पण त्यातला एक मी जणू पहिल्यांदाच ऐकला. ज्यात तो बापाला मोठ्यानं विचारतो की मला सोडून का दिलंस. माझ्या मनात आलं, हा शहाणा नव्हता. हा सगळ्या गावादेखत ओरडला. याला कुणी पाखरू दाखवून गप्प केलं नाही, आणि ओरडल्याबद्दल कुणी याला कमी पवित्र मानलं नाही. आम्हाला मात्र याच्याच घरात न रडण्याबद्दल शाबासकी मिळाली होती. मी काकूंकडे पाहिलं. त्या पेंगत नव्हत्या. कुजबुजत म्हणाल्या, "आईला विचारलंस का कधी?" मी म्हटलं, "काय?" तर म्हणाल्या, "हेच, जे तो विचारतोय."

विचारायची वेळ आली ती आपोआप. आईचे गुडघे बिघडले, तिकडच्या डॉक्टरांनी मुंबईला दाखवा म्हटलं, आणि कडेवरचं ते बाळ, जे आता मिशी राखून होतं, तिला परळच्या एका इस्पितळात घेऊन आलं. मला फोन आला. मी जाणार नव्हते. काकू म्हणाल्या, "मी येते, मलाही गुडघे दाखवायचेत," जे खोटं होतं. बाहेरच्या बाकावर आई बसली होती. म्हातारी झालेली, आक्रसलेली, मांडीवर शेंगांची पिशवी. माझ्यासाठी शेंगा आणल्या होत्या. भाऊ केसपेपर काढायला रांगेत गेला. काकू बाकाच्या दुसऱ्या टोकाला तोंड फिरवून बसल्या, पण कान इकडे. मी आईच्या शेजारी बसले आणि इतक्या वर्षांचं एकदाचं विचारलं. म्हटलं, "मला टर्कीपाशी सोडून न सांगता का गेलीस?"

आईला आधी आठवेचना. मग म्हणाली, "आगं, म्या कुठं गेले? बाईच म्हनल्या, पोरीला कळू देऊ नका, ती रमंल. म्या फाटकाच्या भितीमागं हुबी व्हते. लई येळ. म्हनलं, रडली की माघारी फिरायचं, उचलायची आन् घरी न्यायची, मंग काय व्हायचं ते व्हवू." ती माझ्याकडे बघत नव्हती, पिशवीतल्या शेंगा चाचपत होती. "पर तू रडलीच न्हाईस. म्या आपली कान देऊन. टर्क्याच वरडत व्हत्या. तू न्हाई."

"मग?"

"मंग काय. एष्टी आली."

एवढं बोलून तिनं पिशवी माझ्या मांडीवर ठेवली. तिच्या बाजूनं हिशोब पुरा झाला होता. माझ्या डोक्यात मात्र त्या जाळीपाशी उभी असलेली पोर वळली आणि माझ्याकडे बघायला लागली. म्हणजे एक हुंदका, एवढंच मधे होतं. मी शहाणपणा केला म्हणून घर गेलं. हे खरं होतं, की म्हातारपणी स्वतःसाठी शिवून घेतलेली गोधडी होती, हे मला त्या बाकावर कळलं नाही आणि आजही कळत नाही. गोधडी असेल तर मला राग येतो. खरं असेल तर मला त्याहून जास्त काहीतरी होतं, ज्याला माझ्याकडे शब्द नाही.

बाहेर रस्त्यावर आल्यावर काकू चालेचनात. मला वाटलं गुडघा. बघते तर त्यांचा चेहरा लाल. "म्हणजे एवढ्या मोठ्या बाईनं," त्या म्हणाल्या, "आपलं ठरवायचं काम तेवढ्याशा पोरीवर टाकलं होतं तर. पोरीनं रडून दाखवावं, मग हिनं आई व्हावं. वा." येणारे-जाणारे बघत होते. शेंगांची पिशवी माझ्या हातातून घेऊन त्यांनी फुटपाथवरच्या एका बाईला देऊन टाकली. मला बरं वाटलं, हे लिहायला लाज वाटते पण वाटलं. माफ कर म्हणणारी माणसं मला जागोजाग भेटली होती. माझ्यासाठी रागावणारं हे पहिलं माणूस. एखादी जखम किती खोल आहे हे दुसऱ्याच्या तोंडावर वाचता आलं की तिची अर्धी लाज जाते. मी उगीच कुरकुरणारी नव्हते, खरंच काहीतरी झालं होतं. पुढच्या पहिल्या रविवारी ताट सरकवताना काकू माझ्या कानाशी लागल्या, "आता तर मला घेताच येणार नाही. तुझ्या आईविषयी माझ्याही मनात अढी आहे." आणि आम्ही दोघी त्या शांत चर्चमध्ये तोंडाला रुमाल लावून हसलो.

हसलो खरं, पण माझ्या लक्षात येत होतं की त्यांची तब्येत उतरते आहे आणि त्यांचं पान रिकामंच आहे. जन्मभर ज्या भाकरीवर त्यांचा जीव, तिच्याशिवाय त्या बसत होत्या, केवळ माझं मन वळत नाही म्हणून. तशात चाळ पाडायची ठरली. लोक खोल्या सोडायला लागले, आणि मुलगा त्यांना नाशिकला न्यायला आला. जायच्या आधीचा रविवार प्रभुभोजनाचा होता. मी रात्रभर मनाशी झुंजून ठरवलं होतं की आज घ्यायचं. अढी असो नसो, काकूंना उपाशी जाऊ द्यायचं नाही. ताट आलं. मी हात पुढं केला. बोटं त्या पावाला लागलीसुद्धा. काकूंनी माझं मनगट धरलं. "गेली का अढी?" मी खोटं बोलणार होते. त्यांच्याशी जमलं नाही. म्हटलं, "नाही." "मग माझ्यासाठी नको," म्हणाल्या. "देवाघरची पंगत आहे, उरकायला बसलेलो नाही आपण. मी थांबते." आणि ताट त्यांनी स्वतःच्या हातानं पुढं दिलं.

त्या गेल्या त्या दिवशी खोताच्या वाडीच्या तोंडाशी गाडी उभी होती. टपावर दोरीनं बांधलेल्या दोन पेट्या, आत कुकर, तुळशीची नव्हे पण तशाच एका कुंडीतली कोरफड. मुलगा घाई करत होता, "आई, चल, घाटात ट्रॅफिक लागेल." काकू माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या आणि नेहमीसारखंच म्हणाल्या, "ऐक. आता मी जाते. इथं परत राहायला येणार नाही. तुला सांगून जातेय." मी शहाण्यासारखी मान हलवली. गाडी हलली, गल्लीच्या वळणापर्यंत गेली, आणि माझ्या आतून एक आवाज निघाला. तो माझा आहे हे मला आधी कळलंच नाही. पाळणाघरात सकाळी ऐकते तसला, लाज नसलेला, पोटातून येणारा. लाकडी घरांच्या खिडक्या उघडल्या, एक मेस्त्री शिडीवरून वाकून बघायला लागला. आणि गाडी थांबली. दार उघडलं, आधी काठी बाहेर आली, मग काकू, आणि ते वाईट गुडघे घेऊन त्या सगळी गल्ली चालत माघारी आल्या. "काय गं हे," म्हणाल्या, "माझं बीपी वाढवतेस." मग कुणाच्या तरी पायरीवर माझ्याशेजारी बसल्या आणि मी रडायची थांबेपर्यंत उठल्या नाहीत. मुलानं हॉर्न वाजवला. पुन्हा उठल्या, पुन्हा सांगितलं, पुन्हा गेल्या. मी पुन्हा रडले. या वेळी गाडी थांबली नाही, आणि तरी मला काही झालं नाही. मी तशीच उभी होते, दिवस तसाच होता.

पण त्या दिवसापासून एक काटा घशात बसला आहे. रडलं की माणूस परत फिरतं, हे मी डोळ्यांनी पाहिलं. म्हणजे भिंतीमागं कान देऊन उभी असलेली ती बाई कदाचित खरं बोलत होती. हे बरं होणं असेल तर फार कडू औषध आहे. आधी मला फक्त आईचा राग होता, आता तिची कीवही येते, आणि दोन्ही एकमेकांना जागा देत नाहीत. लोक म्हणतात देव अश्रू पुसतो. पुसत असेल. मला वाटतं त्याआधी तो ते मोठ्यानं येऊ देतो, आणि ऐकून गुडघे दुखत असले तरी माघारी येतो. एवढाच धर्म मला कळला आहे, आणि तो मला ताटातल्या भाकरीनं नाही, न उचललेल्या भाकरीनं शिकवला.

काकूंच्या मुलाचा परवा फोन आला होता. कुरकुरत म्हणाला, "आई इकडच्या चर्चमध्येसुद्धा ताट तसंच पुढं देते. लोक विचारतात. काय सांगायचं?" मी म्हटलं, सांगा, शेजारचं पान अजून वाढलेलं नाही. काकू, हे तुम्हाला कुणीतरी वाचून दाखवेल. माझी अढी अजून गेलेली नाही, पण ती आता दगडासारखी नाही. रात्रभर भिजलेल्या पावट्यासारखी झाली आहे, बोटांत धरली की साल सुटेल असं वाटतं. ती सुटली की मी नाशिकची गाडी धरेन. येते आहे असं आधी कळवेन. तुमच्या डाव्या हाताला बसेन, आणि ताट आलं की पहिला तुकडा मी उचलेन, तुमच्यासाठी नाही, माझ्या भुकेनं. मग तुम्ही जेवा.